‘गार्डचा कंदील’चा शेवट

धुळे, १२ जानेवारी २०२५

सुलक्षणा,

नमस्कार. तुझ्या कानातलं यंत्र आणि माझा आवाज यांचं फोनवर काही जमत नाही, म्हणून हे पत्र. पोस्टमनलाही जरा काम.

सोबतचं खोकं जपून उघड. आत माझा जुना प्लेअर आणि एक जादाची डिस्क आहे. जितेंद्रकडून टीव्हीला जोडून घे आणि मग आधी खुर्चीत बस, कारण डिस्क ‘गार्डचा कंदील’ची आहे. हो, तोच. मोतीलाल मामांच्या तंबूतला. इतक्या वर्षांनी मुंबईच्या एका कंपनीला मूळ निगेटिव्ह सापडली म्हणे. त्यांनी ती धुऊनपुसून, देखण्या डबीत घालून बाजारात आणली आहे. माझ्या ‘घरचा पडदा’ सदरात तिचं परीक्षण करायचं आहे. हेमांगी गेल्यापासून ते सदर हेच मला सकाळी उठायला कारण राहिलंय, तेव्हा मी ते मन लावून करतो.

चित्राला पैकीच्या पैकी गुण. मालती स्टेशनवर उभी असते तेव्हा तिच्या लुगड्याची वीण मोजता येते. आवाजाला निम्मे, कारण खरखर काढता काढता इंजिनाचा धूरही काढून टाकलाय, गाडी कुकरसारखी शिट्टी मारते. पण शेवट! सुलक्षणा, यांनी शेवटच चोरलाय.

तुला गोष्ट सांगायला नको. गार्डचा खून होतो, आळ वसंतावर येतो, तो पळतो, आणि आडगावच्या स्टेशनवर मालती रोज कंदील घेऊन त्याची वाट बघते. शेवटी पहाटे गाडी थांबते, वसंता उतरतो, ती कंदील उचलून त्याचं तोंड बघते आणि तो हसतो. समाप्त. बरोबर? या महाभागांनी तो सीन कापून सुरुवातीला, खुनाच्याही आधी, नेऊन चिकटवलाय. आणि शेवटाला काय, तर वसंता नाल्यात पोलिसांच्या गोळीने मरतो, गाडी न थांबता निघून जाते, आणि ती बया तशीच उभी. कुठलं तरी टाकाऊ फुटेज जोडलेलं असणार. मी त्यांना सोडणार नाही.

तू बघ आणि लिही. हा सिनेमा माझ्याबरोबर पाहिलेलं तुझ्याशिवाय आता कोण उरलंय?

तुझा आतेभाऊ,
प्रेमराज

---

चोपडा, २६ जानेवारी २०२५

प्रेमराज,

खोकं पोहोचलं. प्लेअर जोडायला जितेंद्रला अख्खा रविवार लागला. केळीच्या बागेत बारा भानगडी सोडवतो, पण तुझ्या वायरींपुढे त्याने हात टेकले. शेवटी त्याच्या लेकीने, डिंपलने, जोडून दिलं. पहिल्याच सीनला ती विचारते, आजी, टीव्हीचा रंग गेला का? मी म्हटलं, गेला नाही बाई, तेव्हा आलाच नव्हता.

मी सगळा पाहिला. तुझ्या त्या कुकरच्या शिट्टीचा मला त्रास झाला नाही, यंत्र काढूनच बसले होते. एकही संवाद अडला नाही. सगळे पाठ आहेत, पोलीस पाटलाचेसुद्धा. रुपचंद असते तर पहिल्या गाण्यालाच घोरायला लागले असते. त्यांना सिनेमाची आवड नव्हती, माझी मात्र कधी आडकाठी केली नाही.

चित्र खरंच सुंदर आहे. मालती करणाऱ्या बाईच्या कपाळावर देवीचा व्रण आहे, तो मला कधी दिसला नव्हता. ते लिही. डबीबद्दल लिही. इंजिनाबद्दल हवं तेवढं कुचकट लिही, ते तुला चांगलं जमतं. पण प्रेमराज, शेवटाबद्दल काही लिहू नकोस. कंपनीच्या लोकांनी मिळालं ते धुतलं असेल. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची घाई करू नकोस.

शेवट झाल्यावर मी टीव्ही बंद केला. डिंपलने चहा आणून दिला.

गुडघे कसे आहेत? जिना उतरताना कठडा धर. ऐटीत उतरू नकोस.

सुलक्षणा

---

धुळे, ६ फेब्रुवारी २०२५

सुलक्षणा,

कुठला चोर आणि कुठला संन्यासी? वयाने तू मवाळ झालीस. पूर्वी मी एक म्हटलं की तू दोन म्हणायचीस. परीक्षण कालच जळगावला स्वप्नीलकडे पाठवलं. मासिकाचा संपादक तरुण आहे, त्याला खमंग लागतं. मथळाही मीच दिला: ‘शेवटावर दरोडा’.

तू म्हणशील आठवण दगा देते. इतर बाबतीत देते, चष्मा कुठे ठेवला ते सांगता येत नाही. पण तो खेळ मी विसरेन कसा? मी नागपूरहून रजा काढून आलो होतो. यात्रेत तुमचा तंबू लागला होता. बाप्यांची बाजू एकीकडे, बायकांची एकीकडे, मधे कनात. तू मात्र मालकाची लेक, मशीनजवळच्या पत्र्याच्या पेटीवर तुझी जागा. मला तू शेजारी बसवून घेतलंस. वसंता गाडीतून उतरला तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं, तुझे डोळे भरून आले होते. मला त्या दिवशी पटलं की या पोरीला सिनेमा कळतो. मी म्हणालोसुद्धा, शेवट छान आहे. मग खेळ सुटल्यावर माझ्या लग्नाची पत्रिका मामांच्या हातात दिली. मामांनी ती न उघडताच खिशात घातली आणि मशीन पुसत बसले. त्यांना कामापुढे काही सुचत नसे.

आणखी एक पुरावा. पळताना वसंताची दाढी वाढलेली असते, शेवटी उतरतो तेव्हा तो गुळगुळीत. मधे काळ किती गेला हे दिग्दर्शकाने एकही शब्द न वापरता सांगितलंय. यावर मी पूर्वी एक आख्खा लेख लिहिला होता, तो कॉलेजात वाचून दाखवायचे. अशी दाढी कोणी स्वप्नात पाहतं का?

प्रेमराज

---

धुळे, २८ मार्च २०२५

सुलक्षणा,

पत्राचं उत्तर नाही. अबोला धरलास की पोस्टाने खाल्लं? जितेंद्रला फोन केला, तो म्हणाला आई बरी आहे, पापड करतेय. म्हणजे अबोलाच.

इकडे रणधुमाळी माजली आहे. परीक्षण छापून आलं आणि पत्रांचा पाऊस पडला. पहूरचे तोताराम पाटील लिहितात की वसंता परत येतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, लागली पैज. धरणगावच्या एका बाईंनी त्याच सीनवरून थोरल्या मुलाचं नाव वसंत ठेवलं. पारोळा, शिरपूर, तुमचं चोपडं, सगळे माझ्या बाजूने. आणि नाशिक, पुणे, नागपूरचे लोक आम्हाला हसताहेत. म्हणतात, खान्देशी लोकांना गोड शेवटाची सवय, भाकरीबरोबरही गूळ लागतो.

मग कंपनीचं पत्र आलं. शांत, सभ्य आणि जहरी. त्यांच्याकडे सेन्सॉरचा मूळ कागद आहे, त्यात शेवट तोच, गाडी न थांबता जाते तो. पहाटेचा सीन पहिल्यापासून सुरुवातीलाच. त्यांनी स्वप्नीलला स्पष्ट विचारलंय, आरोप सिद्ध करणार की मागे घेणार? स्वप्नीलने मला सांगितलं, काका, मेच्या अंकात एक तर पुरावा छापू नाही तर माफी, आणि माफी छापली तर सदर पुढे चालवणं अवघड होईल. बिचारा संकोचला होता, पण बोलला.

आता तूच माझी साक्षीदार. तंबू तुमचा, पेटी तुमची, मशीन तुमचं. मोतीलाल मामांच्या लेकीने चार ओळी लिहिल्या की आमच्या प्रिंटमध्ये शेवट असाच होता, की संपलं. मी तेवढंच मागतो. सदर गेलं तर मी दिवसभर करू काय? भिंतीकडे बघत बसू?

लवकर लिही.

प्रेमराज

---

चोपडा, ११ एप्रिल २०२५

प्रेमराज,

अबोला नव्हता. काय लिहावं ते ठरत नव्हतं. तीनदा सुरू केलं आणि पापडाच्या पिठाला लागले.

तुझ्या बाजूने कुठून कुठून पत्रं आली ते तू एवढं मिरवून लिहिलंस. परत एकदा वाच. पहूर, धरणगाव, पारोळा, शिरपूर, चोपडा. त्या साली आबांचा तंबू याच वाटेने गेला होता. नाशिक-पुण्याला आमचा तंबू गेला नाही, म्हणून त्यांनी दुसरा शेवट पाहिला. त्यांनी पाहिला तोच खरा.

तुला आठवतं, झुंबरबाई आत्या तुला कडेवर घ्यायची तेव्हापासून म्हणायची, “भाऊनी पोर मनी सून.” मी तिची सून होणार हे सगळ्या नातलगांना ठाऊक होतं. मलाही. मग आत्या अचानक गेली आणि तू नागपूरला नोकरीला लागलास. आता मागणी घालायला कोण येणार? आबांनी वर्षभर वाट पाहिली. बहिणीच्या घरी आपली पोर आपण होऊन नेऊन घालायची नाही, तिकडून कोणी तरी सुपारी घेऊन यावं, हा आपल्यातला रिवाज. तो मोडणं आबांना जमलं नाही. आणि मला कोणी विचारलं नाही.

तेव्हा ‘गार्डचा कंदील’ आमच्याकडे होता. प्रिंट जुनी, वितरकाला परत नको होती, म्हणून मोसमभर आमच्याच गाडीत. रोज तिकिटं फाडायची आणि पेटीवर जाऊन बसायचं. रोज मालती कंदील घेऊन उभी राहायची आणि रोज गाडी न थांबता जायची. सुरुवातीला मी बघायचे, पुढे पुढे शेवटचं रीळ लागलं की तंबूमागे जाऊन उभी राहायचे. आबा मशीनवरून हलत नसत. मला वाटायचं त्यांचं लक्ष नाही.

पहूरला एका दुपारी ते गाडीच्या सावलीत रिळं उलगडून बसले होते. ब्लेडने फिल्म खरवडायची, सोल्युशन लावायचं, अंगठ्याने दाबून धरायचं, हे काम ते नेहमीच करत, म्हणून मी विचारलं नाही. संध्याकाळच्या खेळाला मी सवयीने तंबूमागे गेले. आतून मुसमुसणं ऐकू येण्याची वेळ झाली आणि टाळ्या ऐकू आल्या. धावत आत गेले. पडद्यावर गाडी थांबली होती आणि वसंता उतरत होता. आबांनी सुरुवातीचा सीन कापून शेवटाला जोडला होता आणि मरणाचं रीळ डब्यातच ठेवलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाले, “कसाले रडस व माय? दख, उना ना तो.” खरंच, आला होता तो, आता रडायचं कशाला.

दाढीचं कोडं आता सुटलं असेल. वसंताने दाढी केली नव्हती रे, ती वाढायच्या आधीचा सीन होता तो. तुझा लेख कॉलेजात वाचत होते त्याचं मला फार हसू यायचं आणि तितकंच वाईट वाटायचं.

पुढच्या गावांना तोच शेवट गेला. लोक खूश होते. मग कळलं की तू यात्रेला येतोयस. नवीन सिनेमाचे डबे येऊन पडले होते, तरी मी आबांकडे हट्ट धरला की त्या दिवशी हाच लावायचा. मला तोंडाने बोलता येत नव्हतं. मला वाटलं, हा पाहील आणि समजेल, एवढा हुशार आहे. वसंता उतरला तेव्हा तू पडद्याकडे न बघता माझ्याकडे पाहिलंस. माझे डोळे भरून आले, ते सिनेमा कळला म्हणून नव्हे. मला वाटलं, आता हा बोलणार. तू बोललास, शेवट छान आहे. आणि पत्रिका काढलीस.

आबा तू गेल्यावर बराच वेळ मशीन पुसत होते. मशीन स्वच्छच होतं.

माझा संसार चांगला झाला. रुपचंदांसारखा माणूस मिळायला नशीब लागतं आणि जितेंद्र तर माझा जीव आहे. तक्रार म्हणून लिहिलेलं नाही. तू साक्ष मागितलीस, ती ही. छापलीस तर तुझं सदर वाचेल, हे मला कळतं. उलट मोठा लेख होईल, एका तंबूवाल्याने पाच गावांसाठी सिनेमाच बदलला म्हणून सगळे वाचतील. पण लगेच लोक विचारतील, का बदलला? त्याचं उत्तर माझं आहे आणि ते मला कोणाच्या चहाबरोबर जायला नको आहे. पण तुला बांधून घालत नाही. तुझा दिवस कसा जातो तेही मला दिसतं.

सुलक्षणा

---

धुळे, ७ मे २०२५

सुलक्षणा,

मेचा अंक सोबत पाठवतो. पान एकोणीस, तळाला, दोन ओळी आहेत: ‘गार्डचा कंदील’च्या शेवटाबद्दल माझी आठवण चुकली, कंपनीवर केलेला आरोप मागे घेतो, क्षमस्व. एवढंच. स्वप्नीलने तीनदा विचारलं, काका, इतकी पत्रं आलीत, एवढ्या गावांची आठवण एकदम कशी चुकेल, काही तरी असणार. मी म्हटलं, म्हातारपण. सदर काही महिने थांबवू म्हणाला. थांबवू म्हणजे काय ते आपल्याला कळतं. पहूरच्या तोताराम पाटलांनी मला पोस्टकार्डावर सूर्याजी पिसाळ म्हटलंय. त्यांना उत्तर द्यायला हात शिवशिवले, पण नाही दिलं.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

आता माझी साक्ष ऐक. आई गेल्यावर मीही नागपूरला वाट पाहिली. मला वाटलं, मामांनी विषय काढला नाही म्हणजे आईबरोबर तोही संपला, सुलक्षणासाठी कोणी मोठं स्थळ बघत असतील. मामांकडे पोराने स्वतः तोंड उघडायचं नसतं, असंच मला शिकवलं होतं. टपाल आलं की ऑफिसात आधी मी उठायचो. मामांचं अक्षर कधी आलं नाही. मग साहेबांनी हेमांगीसाठी विचारलं आणि मी हो म्हटलं. हेमांगीशी मी खोटं वागलो नाही आणि आज तिच्याबद्दल वाकडं बोलणार नाही. पण त्या दिवशी पेटीवर बसलो होतो तेव्हा पत्रिका खिशात टोचत होती हे खरं. तुझे डोळे पाहिले आणि स्वतःला समजावलं की ही सिनेमासाठी रडतेय. तसं समजणं सोयीचं होतं. मग ते इतकी वर्षं खरंच मानत राहिलो.

एवढा सिनेमा बघणारा मी, आणि माझ्या शेजारी काय चाललंय ते मला दिसलं नाही. तुला ते तेव्हाच तोंडाने सांगता आलं असतं तर, मला विचारता आलं असतं तर, असं आता म्हणून काय उपयोग, पण म्हणतो.

परवा डिस्क परत लावली. शेवटचा भाग पाहिला. गाडी न थांबता जाते आणि मालती उभी असते, ते तू रोज पाहत होतीस. परीक्षण म्हणून सांगायचं तर तो शेवट चांगला आहे, खरा आहे, दिग्दर्शकाला जे म्हणायचं होतं ते त्यात आहे. मला तो बघवला नाही. मी उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

आता लिहायला काही नाही. सकाळी उठतो, पेपर वाचतो, आणि दुपारपर्यंत तुझा विचार करतो. या वयात हे लिहितोय, हसू नकोस.

प्रेमराज

---

चोपडा, १६ मे २०२५

प्रेमराज,

हसले नाही. अंक आला. पान एकोणीस डिंपलने मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, आजी, हे काका चुकले की. मी म्हटलं, हो, चुकले.

तुझं सदर गेलं याचं मला फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. आजवर माझ्यासाठी कोणी असं गप्प राहून काही सोडलं नव्हतं.

तू टपालाची वाट बघत होतास हे मला माहीत नव्हतं. ते वाचून मी आबांच्या फोटोपाशी जाऊन उभी राहिले. रागावले त्यांच्यावर, चांगली रागावले. एक पत्र टाकायला काय झालं होतं, म्हटलं. सिनेमा कापला, जोडला, पाच गावं फिरवला, आणि बहिणीच्या पोराला चार ओळी लिहिता आल्या नाहीत. मग रडले. आबा असते तर परत काही तरी कापून जोडत बसले असते.

तुला तो शेवट आवडला होता, एवढ्या एका गोष्टीवर मी बरीच वर्षं काढली. भाकऱ्या थापताना, कापूस वेचायच्या बायांचं बघताना, रुपचंदांच्या आजारपणात, कधीमधी ते आठवायचं. मला वाटायचं, आपल्या वाट्याला एवढं आलं, पुरेल.

आता पुरत नाही, प्रेमराज.

म्हणून जितेंद्रला सांगितलंय, धुळ्याहून प्रेमराज येणार आहे, पुढची खोली झाडून घे. त्याने विचारलं, किती दिवसांसाठी? मी म्हटलं, ते मी त्याला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. जितेंद्र म्हणाला, खिडकीला पडदा लावून घेतो, दुपारी ऊन येतं.

तू ये.

सुलक्षणा